दोन वर्षांच्या समांतर नोंदी

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा आवश्यक तेवढा भाग असा:

‘मी २७ वर्षांची आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि गेली चार वर्षे दक्षिण मुंबईतल्या एका भुयारी मार्गाच्या कामावर सर्वेक्षण विभागात आहे. लहानपणी बाबा मला वरळीच्या नेहरू तारांगणात न्यायचे. दहावीपर्यंत मला खगोलशास्त्रज्ञच व्हायचे होते. बारावीनंतर घरची परिस्थिती पाहून सिव्हिलला प्रवेश घेतला. आता पहाटे लोकल पकडते, दिवसभर जमिनीखाली टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लावून भुयाराची लाइन-लेव्हल, म्हणजे दिशा आणि उंची, काढते, आणि रात्री परतते तेव्हा आकाशात शहराच्या उजेडाखेरीज काही उरलेले नसते. ज्या शहराने तारे पुसले, तेच शहर मी वाढवते आहे, असे वाटते. नोकरी सोडून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करावे का? घराचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत. बाबा निवृत्त झाले आहेत. आई म्हणते, आकाश कुठे पळून जात नाही. मला मात्र ते रोज थोडे दूर गेल्यासारखे वाटते.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाला ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ असे एका शब्दाचे उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे तिच्याविषयीच मला आधी बोलायचे आहे. आपण आकाश सोडून जमिनीखाली गेलो, असे तुम्ही मानता. एकतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवल्यावर मी खात्रीने सांगू शकते की, तुमचे जमिनीखालचे काम आकाशावाचून एक दिवसही चालणार नाही. हे मी तुमची समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही रोज वहीत उतरवता त्या आकड्यांतच ते आहे.

शाफ्टच्या, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी तुम्ही जे कंट्रोल पॉइंट (मोजणीचे आधारबिंदू) पक्के करता, त्यांचे निर्देशांक उपग्रहांवरून येतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे त्यांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि त्यांच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांचा हिशेब आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार आधीच केलेला नसता, तर एका दिवसात अंतरांमध्ये दहा किलोमीटरांहून अधिक घोळ साचला असता. एवढे तुम्ही कदाचित शिकला असाल. त्यापुढची गोष्ट सिव्हिलच्या अभ्यासक्रमात बहुधा कोणी सांगत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

उपग्रह कुठे आहे हे कळले, तरी त्याच्याखालची पृथ्वी त्या क्षणी नेमकी किती वळलेली आहे हेही कळावे लागते, आणि पृथ्वी अगदी एकसारखी फिरत नाही. वारे, भरती-ओहोटी आणि पृथ्वीच्या पोटातल्या हालचाली यांमुळे दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या हिश्शांनी कमी-जास्त होत राहते. आपल्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर सरकते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबात एका मिलिसेकंदाची चूक राहिली, तर मुंबईतला बिंदू ४४ सेंटिमीटर हलतो. भुयाराच्या दोन टोकांची गाठ काही सेंटिमीटरांत पडावी म्हणून ज्यांची झोप उडते, त्यांना ४४ सेंटिमीटर म्हणजे काय हे मी सांगायला नको. ही चूक राहू नये म्हणून जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसारांकडे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांकडे, रोखल्या जातात, एकच संकेत दोन दुर्बिणींपर्यंत किती फरकाने पोहोचला ते मोजले जाते, आणि त्यावरून पृथ्वीची त्या वेळची स्थिती ठरते. ते क्वेसार इतके दूर आहेत की आपल्या दृष्टीने ते जागचे हलत नाहीत, म्हणूनच खुणेचे दगड म्हणून त्यांची निवड झाली. तुमच्या भुयाराचा अक्ष शेवटी त्या खुणांना बांधलेला आहे.

आता शाफ्टमधून खाली उतरा. तिथे उपग्रह पोहोचत नाहीत. वरचे निर्देशांक खाली आणून तुम्ही ट्रॅव्हर्स, म्हणजे एका बिंदूवरून पुढचा बिंदू मोजत जाणारी साखळी, पुढे नेता. प्रत्येक मुक्कामावर कोनाची थोडी चूक वाढत जाते आणि ती तपासण्यासाठी जायरो-थिओडोलाइट हे दिशा दाखवणारे यंत्र लावावे लागते. त्या यंत्राला खरी उत्तर दिशा कशी कळते? त्याच्यातले वेगाने फिरणारे चक्र पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अनुभवते आणि तिच्या अक्षाच्या दिशेकडे वळू पाहते. ध्रुवतारा पाहून दिशा काढणाऱ्या नावाड्याला जे हवे असे, तेच तुम्ही वीस-पंचवीस मीटर खडकाखाली, तारा न पाहता, पृथ्वीच्या फिरण्याकडून विचारून घेता. माझ्या विद्यार्थ्यांना पृथ्वीचे परिवलन अनुभवावे असे वाटले, तर आम्हाला लंबकाचा प्रयोग मांडून तासन्‌तास बसावे लागे. तुमच्या कामात तो अनुभव पगारात धरलेला आहे.

उंचीचेही असेच आहे. उपग्रहाच्या यंत्रावरून गेटवे ऑफ इंडियापाशी उंची काढली आणि तिच्यावर कोणताही संस्कार केला नाही, तर ती उणे साठ मीटरांच्या आसपास येते. नवशिक्या सर्वेक्षकाला वाटते, यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते. ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजते, आणि समुद्राची पातळी मात्र गुरुत्वाकर्षण ठरवते. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखे पसरलेले नसल्याने हिंदी महासागराचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या खाली गेलेला आहे, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा १०६ मीटरपर्यंत खोल आहे, जगातला सर्वांत खोल. मुंबई त्याच खड्ड्याच्या उतारावर वसली आहे. तुम्ही जी ‘समुद्रसपाटीपासूनची उंची’ लिहिता, तिचे मूळ १९०९ साली भारतातल्या नऊ बंदरांच्या भरतीमापकांवरून ठरवलेल्या सरासरीत आहे आणि त्या नऊंपैकी एक मापक आपल्या अपोलो बंदरावर होते. महापालिकेची जुनी पातळी तर टाउन हॉलपासून, म्हणजे आज जिथे एशियाटिकचे ग्रंथालय आहे त्या इमारतीपासून, मोजली जाते. सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून केलेल्या या शहरात कोणती गल्ली तुंबेल आणि कोणती वाचेल हे अशा संदर्भांवर अवलंबून असते. पालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या दिवसांची यादी देते, ती चंद्र-सूर्याच्या स्थानांवरूनच काढलेली असते. आपले कोळी बांधव उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तिथीवरून ओळखत आले, त्याच ज्ञानाचे ते आकड्यांतले रूप आहे. पर्जन्यजलाच्या पंपांवर काम करणारा अभियंता चंद्राकडे न पाहता पावसाळा काढूच शकत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळे पटले, पण शहराने तारे पुसले हे तर खरेच ना? हो, खरे आहे, आणि तुमच्या मनातली ती बोचणी योग्य आहे. त्यावर मी तुम्हाला याच मुंबईतली एक हकिगत सांगते. माझ्या सल्ल्याचे मूळही तीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, ती खगोलनिरीक्षणासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी यासाठी. १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. काम कंटाळवाणे होते: ठरलेल्या वेळी जायचे, सुईचे स्थान वाचायचे, वहीत लिहायचे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर एकाएकी प्रखर झळाळी दिसली, आणि एक दिवसही उलटला नाही तोच पृथ्वीवर आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र चुंबकीय वादळांपैकी एक येऊन धडकले. त्या २ सप्टेंबरला कुलाब्याच्या निरीक्षकांनी वाचन थांबवले नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण त्यांच्या नोंदींत उतरली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, त्या वादळाची तीव्रता ठरवणारा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याचा आधार कुलाब्याच्या याच नोंदी होत्या आणि त्याच्या लेखकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते. आज उपग्रह आणि वीजजाळी यांना सूर्यापासून किती धोका संभवतो याचा अंदाज बांधताना जग त्या वादळाकडे पाहते. ज्या माणसांनी ते आकडे लिहिले, त्यांना आपण अवकाशाचे केवढे मोठे दर्शन नोंदवतो आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईने घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणायचे ठरवले. विजेचा प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कुलाब्याच्या नाजूक सुया त्यामुळे निरुपयोगी झाल्या असत्या. शहराची गरज आणि आकाशाचे विज्ञान समोरासमोर उभे राहिले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारून घेतली, आणि तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ येणार नाहीत याची काळजी घेतली. १९०४ साली अलिबागला मोजणी सुरू झाली. मात्र कुलाब्याची मोजणी त्याच दिवशी बंद झाली नाही. १९०६पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, दोन्ही जागांमधला फरक नेमका काढला गेला, आणि मगच कुलाब्याच्या सुया थांबल्या. १९०७च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर नोंदींची माळ न तुटता अलिबागच्या दोऱ्यात ओवली गेली होती, आणि १८४१पासूनची ती मालिका म्हणूनच आजही जगात मोलाची मानली जाते.

मूस यांनी ट्राम अडवली नाही, आणि वेधशाळाही बंद पडू दिली नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, तीही शहरांच्या गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला अशीच जागा शोधून उभारलेली आहे. शहर वाढते तेव्हा आकाशाला जागा करून द्यावी लागते, आणि ती जागा मोजून-मापून देणारी माणसे तुमच्याच व्यवसायातली असतात. म्हणून मुंबई वाढवण्यात तुमचा हात आहे याची लाज बाळगू नका. दिवे खाली रोखलेले असावेत, रिकाम्या आवारांत ते रात्रभर जळू नयेत, असे तुमच्या प्रकल्पाच्या बैठकीत सांगण्याचा अधिकार मात्र तुम्हाला आहे, तो वापरा.

आता तुमच्या निर्णयाकडे येते. माझा सल्ला असा की, राजीनामा देऊ नका आणि ओढही दाबू नका. दोन वर्षे दोन्ही नोंदी समांतर चालवा. नोकरी चालू राहील, हप्ते जातील, आणि त्याच काळात तुम्हाला खरोखर काय हवे आहे हे कळण्याजोगे पुरावे गोळा होतील. कारण तुमच्या पत्रावरून मला एक गोष्ट स्पष्ट झाली नाही, आणि मला वाटते तुम्हालाही ती अजून स्पष्ट नाही: तुम्हाला रात्रीचे आकाश पाहायला मिळत नाही याचे दुःख आहे, की आकाशाविषयीचे प्रश्न सोडवायला मिळत नाहीत याचे? या दोन निरनिराळ्या भुका आहेत. पहिली भूक महिन्यातून एका अमावास्येच्या आसपास भागू शकते; वांगणीला मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षे रात्र रात्र जागतात, आणि तुम्हाला तर ती जागा डोंबिवलीहून कर्जतच्या लोकलने सरळ आहे. दुसरी भूक तेवढ्याने शमणार नाही. तिच्यासाठी टेबलापाशी बसून गणित करावे लागेल, आणि दिवसभर साइटवर उभे राहून आल्यावर ते तुमच्याच्याने होते का, हे केल्याशिवाय समजणार नाही.

पहिल्या वर्षी भूमिती आणि भौतिकी जिथे एकत्र येतात त्या विषयापासून, म्हणजे भूगणितापासून (पृथ्वीचा आकार आणि गुरुत्व मोजण्याच्या शास्त्रापासून), सुरुवात करा. लघुतम वर्गांची पद्धत तुम्ही कामात वापरताच. कक्षांचे गणित, गुरुत्वक्षेत्र, संदर्भचौकटी हे सारे तिथून एकेक पायरीवर आहे. गेट या पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत २०२२पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे भूमापनशास्त्राचा, स्वतंत्र पेपर आहे, आणि आयआयटी मुंबईत उपग्रह-सर्वेक्षण व भूमाहितीशास्त्राचे शिक्षण देणारे केंद्र आहे. एम.एस्सी.चा मार्ग तुम्ही समजता तितका सरळ नाही, कारण अनेक विद्यापीठे त्यासाठी भौतिकशास्त्राची बी.एस्सी. मागतात. उलट, पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांच्या संशोधन-प्रवेश परीक्षेचा दरवाजा अभियांत्रिकीच्या पदवीधरांना उघडा राहिलेला आहे. त्या त्या वर्षीची पात्रता जाहिरातीत नीट तपासा. आठवड्यात किती तास अभ्यास झाला, त्यातला किती न कंटाळता झाला, हे तारखेसह लिहून ठेवा. मनाच्या लहरींवर विश्वास ठेवण्यापेक्षा मी नेहमी वहीवर विश्वास ठेवला आहे. दोन वर्षांनी वही सांगेल की भूगणितातच तुमचे मन रमले आहे, तर नोकरी न सोडताही पुढची वाट आहे; ती सांगेल की तुम्ही प्रत्येक वेळी ताऱ्यांच्या अंतरंगाकडेच वळत होता, तर त्या वेळी हप्ते चारच वर्षांचे उरलेले असतील, हाताशी थोडी शिल्लक असेल, आणि २९ हे वय संशोधनाला सुरुवात करण्यासाठी उशिराचे आहे असे मी तरी म्हणणार नाही.

एका ठिकाणाकडे मात्र विशेष लक्ष ठेवा. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरींसारख्या घटनांतून अवकाशात उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिच्या एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील, आणि त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान फरक पडला तरी तो पकडायचा आहे. आता तुमच्या नजरेने पाहा. चार किलोमीटरांत पृथ्वी स्पर्शरेषेपासून सुमारे सव्वा मीटर खाली वळते. समुद्रावरच्या साडेसोळा किलोमीटरांच्या अटल सेतूएवढ्या अंतरावर दोन टोकांमधून सरळ रेषा ओढली, तर मध्यभागी समुद्र तिच्याहून पाच मीटर वर असतो. पूल पृथ्वीबरोबर वाकला तरी चालते. लायगोच्या भुजेतली प्रकाशाची नळी वाकून चालत नाही. जमीन वाकत गेली तरी तिला सरळच राहावे लागते. दूरच्या कृष्णविवरांची टक्कर ऐकण्याआधी कोणाला तरी त्या माळरानावर खरी सरळ रेषा आखावी लागेल, आणि ते काम चार वर्षे भुयाराची लाइन-लेव्हल काढलेल्या माणसाला समजते तसे एम.एस्सी. झालेल्याला समजत नाही. तिथे तुम्हाला जागा मिळेलच, असे वचन मी देऊ शकत नाही. अशी कामे अस्तित्वात आहेत हे माहीत असताना दोन वर्षांचा अभ्यास करणे आणि माहीत नसताना करणे यांत फरक पडतो, म्हणून लिहिले.

बाबांशी बोला. तारांगणात त्यांनीच तुम्हाला नेले होते, त्यामुळे हा विषय त्यांना परका नाही. त्यांच्यापुढे भावनांऐवजी दोन वर्षांचा आराखडा आणि हप्त्यांचा हिशेब ठेवा. आईंचे म्हणणे खरे आहे, पण आकाश पळून जात नसले तरी पाहणाऱ्याचे दिवस जातात, हेही त्यांना सांगा.

सुरुवात येत्या मे महिन्यात करा. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. जुलैच्या अखेरीचा दिवस ढगांत जातो, म्हणून मे महिन्यातला धरायचा. दक्षिण मुंबईत तो १५ मे रोजी येतो. डोंबिवली कुलाब्याच्या उत्तरेला अक्षांशाच्या सुमारे एक तृतीयांश अंशावर असल्यामुळे तिथे सूर्याला पोहोचायला आणखी एक दिवस लागतो, आणि तुमच्या गच्चीवर शून्य सावली १६ मे रोजी पडते. घड्याळात बारा वाजता नाही, तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, कारण आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि आपण बरेच पश्चिमेला आहोत. १९५५पर्यंत मुंबईचे स्वतःचे घड्याळ याच कारणाने ३९ मिनिटे मागे चालत असे. १५ तारखेला जेवणाच्या सुट्टीत शाफ्टमधून वर या आणि उन्हात ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावा. १६ तारखेला रजा घेऊन तोच ओळंबा बाबांना बरोबर घेऊन गच्चीवर लावा. ओळंब्याच्या वजनाची सावली त्याच्या नेमकी खाली किती वाजता आली, आणि दोन्ही दिवशी तिच्यात किती मिलिमीटरांचा फरक दिसला, ते आकडे मला कळवा.